शंभरातले ४४
(दहावी मार्च १९९६ तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला ‘आयटीतली माझी वाटचाल’ असा विषय दिला होता. त्यात सांगण्यासारखं फार नाही. काही प्रोजेक्ट वेळेवर संपले, बरेच संपले नाहीत. त्याऐवजी दोन वर्षांपूर्वी मी आपल्या ग्रुपवरून तीन महिने गायब का होते, ते सांगते. तेव्हा काहीजणींना मी हर्नियाचं ऑपरेशन झालं असं सांगितलं होतं. ते खोटं होतं.

माझी आई तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल, निदान तिच्या थालीपिठांचा सहलीतला डबा तरी. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना ती गेली. वय ४७. अंडाशयाचा कॅन्सर. सहा महिने पोट फुगतंय म्हणून ती अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या घेत होती. खरं काय ते कळलं तेव्हा पोटात पाणी झालं होतं.

मग २०२२ मध्ये मावशीला स्तनाचा कॅन्सर झाला. डॉक्टरांनी घरातली माहिती विचारली, आईचं ऐकलं आणि मावशीची जनुकांची चाचणी करून घेतली. बीआरसीए-१ या जनुकात दोष निघाला. हे जनुक आपल्या सगळ्यांत असतं. पेशीतला डीएनए तुटला तर तो दुरुस्त करायला मदत करणं हे त्याचं काम. आमच्या भाषेत, दुरुस्तीच्या प्रोग्रॅममध्येच बग. आपण चौथी-पाचवीत होतो तेव्हा, म्हणजे १९९० साली, मेरी-क्लेअर किंग या शास्त्रज्ञ बाईंनी दाखवून दिलं होतं की काही घराण्यांतला स्तनाचा कॅन्सर १७ व्या गुणसूत्रावरच्या एका जागेशी जोडलेला आहे. त्याचा माझ्याशी काही संबंध असेल हे कळायला मला ४२ वर्षं लागली. माझी चाचणी पॉझिटिव्ह आली. माझ्या मावसबहिणीचीही.

गणिताच्या बाई समोर बसल्यात म्हणून आकडे नीट सांगते. असा दोष असलेल्या शंभर बायकांपैकी साधारण ७२ जणींना वयाच्या ऐंशीपर्यंत स्तनाचा कॅन्सर होतो आणि ४४ जणींना अंडाशयाचा. हे २०१७ च्या एका मोठ्या अभ्यासातले आकडे आहेत, त्यातल्या बायका मुख्यतः पाश्चात्त्य देशांतल्या. एरवी अंडाशयाचा कॅन्सर शंभरात साधारण एकीला होतो. मागच्या बाकांवरची मंडळी खाली बघतायत. बघू नका, अर्धा विषय तुमचाही आहे.

आता प्रश्न असा, की आज काहीही झालेलं नसताना अवयव काढून टाकायचे का? २०१३ मध्ये अँजेलिना जोलीनं स्तन काढून घेतल्याचं जाहीर केलं, तेव्हा ऑफिसच्या कँटीनमध्ये मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं होतं, ‘पैसा असला की लोक काहीही करतात.’ ते वाक्य मला पुढे फार दिवस आठवत राहिलं.

मी काय केलं असेल? एक्सेल उघडलं. धोका, वय, शस्त्रक्रियेचे परिणाम, खर्च, मुलाची दहावी, सगळ्याला गुण दिले. उत्तर आलं, ‘थांबा.’ मी गुण बदलले. पुन्हा ‘थांबा.’ पुन्हा बदलले. रात्री दीड वाजता लक्षात आलं, की मला हवं ते उत्तर येईपर्यंत मी आकडे बदलतेय. म्हणजे निर्णय झालेला होता. तो आईच्या खाटेशेजारी बसून केव्हाच झाला होता.

समुपदेशक बाईंना हे सांगितलं तर त्या हसल्या. म्हणाल्या, ‘बहुतेकींचं असंच असतं. मी ४४ म्हणते, एकीला ४४ ऐकू येतं, दुसरीला ५६.’ पण त्यांनी मला एक गोष्ट समजावली, आणि ती मला भीतीपासून वेगळी करता आली. स्तनांसाठी दुसरा रस्ता आहे. दरवर्षी एमआरआय, मॅमोग्राफी. आजार टळत नाही, पण लवकर सापडण्याची शक्यता चांगली असते. अंडाशयासाठी तशी भरवशाची तपासणीच नाही. सोनोग्राफी आणि रक्ताची चाचणी दोन्ही नॉर्मल असतानाही आजार वाढत असू शकतो. म्हणून बीआरसीए-१ असेल तर मुलंबाळं झाल्यावर, ३५ ते ४० च्या दरम्यान अंडाशय आणि बीजनलिका काढून घ्या, असा सल्ला देतात. मला आधीच उशीर झाला होता.

घरी नवऱ्यानं ‘तू म्हणशील ते’ असं म्हटलं. त्याला वाटलं, तो समजूतदारपणे वागतोय. मला मात्र त्याचं मत हवं होतं, आणि ते न मिळाल्याचा राग अजून थोडा शिल्लक आहे. सासूबाई म्हणाल्या, ‘किडायच्या आधी दात कोणी काढतं का गं?’ याच सासूबाई पुढे दोन रात्री हॉस्पिटलात खुर्चीवर बसून होत्या. विमा कंपनीचं पत्र तर मी जपून ठेवलंय. ‘आजार नसल्यामुळे’ दावा नामंजूर. अहो, आजार नको म्हणूनच तर!

ऑपरेशन दुर्बिणीतून झालं, ते सोपं. पाळी मात्र एका रात्रीत कायमची गेली. जानेवारीत पंखा लावून बसायचे. झोप उडाली, चिडचिड वाढली, आता हाडांची तपासणी आणि कॅल्शियम मागे लागलंय. ऑफिसच्या मीटिंगमध्ये घामानं भिजल्यावर ‘एसी बिघडलाय का?’ असं मीच आधी विचारायचे. स्तन मी काढले नाहीत. ‘मग अर्धंच कशाला केलंस?’ असं मला दोघींनी विचारलंय. जिथं पहारा ठेवता येतो तिथं पहारा ठेवलाय. दरवर्षी एमआरआयच्या आधी दहा दिवस मात्र माझ्याशी कोणी बोलू नये.

मावसबहीण ३४ ची, नुकतं लग्न झालेलं. तिनं काहीच काढलं नाही. तिला मूल हवंय. दोन झाली तर दोन, पण चाळिशीच्या आत अंडाशय काढायचे, असं तिनं ठरवलंय. मला आधी वाटलं, ही टाळतेय. तसं मी तिला बोललेसुद्धा, आणि आम्ही महिनाभर बोललो नाही. नंतर कळलं, की दर सहा महिन्यांची तिची एकही तपासणी चुकलेली नाही. माझ्यासारखी ती घाबरून पळालेली नव्हती. तिनं तिच्या आईला आजारातून उठताना पाहिलंय. मी माझ्या आईला जाताना पाहिलं.

आता मागच्या बाकांसाठी. हा दोष वडिलांकडूनही येतो. आई असो की बाप, प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. माझा भाऊ आपल्याला दोन वर्षं मागे होता, तुमच्यातले बरेच त्याच्याबरोबर खो-खो खेळलेत. त्याला विचारूनच हे सांगतेय. त्यानं चाचणी केलेली नाही. त्याची मुलगी १७ ची आहे. ‘उद्या तिचं लग्न ठरवताना हे सांगायचं की लपवायचं, ते आधी सांग, मग चाचणी करतो,’ असं तो म्हणाला होता. मला उत्तर देता आलं नाही. मी तरी हर्निया झाला असंच सांगत होते ना!

गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलला आणि ठेवता ठेवता समुपदेशक बाईंचा नंबर मागितला. मी पाठवला. पुढे काय झालं, ते मी अजून विचारलेलं नाही.