गुंतागुंत की हयगय?

व्यासपीठावरील मान्यवर, वकील मित्रहो, रुग्णांच्या बाजूनं कागदपत्रं घेऊन हिंडणारे कार्यकर्ते आणि मागच्या रांगांत जरा अवघडून बसलेले माझे शल्यचिकित्सक सहकारी,

ऑपरेशननंतर माणूस बिघडला की घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, नशिबातच होतं. दुसरा म्हणतो, त्या डॉक्टरला सोडायचं नाही. फाइल दोघांनीही उघडलेली नसते. निवृत्तीनंतर अशा फायली मत मागायला माझ्याकडे येतात. त्या वाचून माझं एक मत पक्कं झालं आहे. गुंतागुंत का झाली, इथून सुरुवात केली की वाट चुकते. ती कळली कधी आणि कळल्यावर काय केलं, हे आधी विचारावं.

आतड्याचा तुकडा काढून दोन टोकं जोडली की काही रुग्णांत तो जोड गळतो. निष्णात हातांनी घातलेला टाकाही गळतो. अपुरा रक्तपुरवठा, मधुमेह, कुपोषण, तंबाखू, कारणं पुष्कळ. तेवढ्यावरून मी कुणाला दोषी धरणार नाही. पण मग मी सिस्टरांनी भरलेला तक्ता काढतो. तिसऱ्या दिवशी सकाळी नाडी 92, संध्याकाळी 110, रात्री दोनला 128. लघवी कमी, पोट फुगलेलं, ड्रेनमध्ये हिरवट गढूळ पाणी. पुढे सिस्टरांच्या अक्षरात ‘सरांना फोनवर कळवले’. त्यानंतर ॲसिडिटीचं इंजेक्शन, सलाइन, आणि सर्जनची पुढची नोंद थेट दीड दिवसानं. जोड गळला याचा जाब मी विचारत नाही, त्या दीड दिवसाचा विचारतो. आणि समासात वेगळ्या शाईनं घुसडलेली एखादी ओळ दिसली, तर जाब जरा मोठ्या आवाजात विचारतो.

न्यायालयांनीही साधारण हाच धागा धरला आहे. 1953 च्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर एका तरुणाचं मांडीचं हाड मोडलं. टॅक्सीनं सुमारे दोनशे मैलांचा प्रवास करून त्याला पुण्याला आणलं. तिथे भूल न देता, मॉर्फियाच्या एका इंजेक्शनवर, तिघांच्या मदतीनं जोर लावून पाय ओढला गेला. त्याच रात्री तो गेला. डॉक्टरांचा बचाव असा, की मृत्यू एम्बोलिझमनं झाला. म्हणजे आपल्या भाषेत, गुंतागुंतीनं. सर्वोच्च न्यायालयानं 1968 मध्ये तो फेटाळला. रुग्ण हाती घ्यावा का, उपचार कोणता करावा आणि तो कसा करावा, या तिन्ही टप्प्यांवर वाजवी काळजी घेणं हे डॉक्टरचं कर्तव्य, असं न्यायालयानं सांगितलं. भरपाई होती तीन हजार रुपये. मोजमाप मात्र आजही तेच आहे, आणि ते सर्वसाधारण सक्षम डॉक्टरचं आहे. ‘मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी वाचवलं असतं’ हा युक्तिवाद तिथे चालत नाही.

काही प्रकरणांत तक्ता बघायचीही गरज नसते. 1963 मध्ये औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात नसबंदीच्या शस्त्रक्रियेनंतर एका बाळंतिणीच्या पोटात कापडी मॉप राहिला आणि ती दगावली. तिच्या माणसांना सर्वोच्च न्यायालयातून न्याय मिळायला 1996 उजाडलं. तसंच संमतीचं. दुर्बिणीतून केवळ तपासणीची परवानगी घेऊन, बाई भुलीखाली असताना तिच्या आईची सही घेऊन गर्भाशय काढणं योग्य नाही, हे 2008 च्या निकालानं स्पष्ट केलं. ऑपरेशन तांत्रिकदृष्ट्या चोख झालं म्हणून तो दोष पुसला जात नाही.

नातेवाइकांची सगळ्यात मोठी तक्रार वेगळीच असते: डॉक्टर भेटलेच नाहीत, भेटले ते खेकसले. हे वाईटच, पण निव्वळ उद्धटपणा म्हणजे हयगय नव्हे. उलट गोड बोलणाऱ्याच्या हयगयीची तक्रारच होत नाही, असं मी पाहिलं आहे. बिलावरून भांडण झाल्यावरच फाइल मागायची, हीही आपली खोड. रुग्णानं किंवा त्याच्या अधिकृत माणसानं मागितल्यावर 72 तासांत कागद द्यावेत, असा नियम 2002 पासून आहे. तेव्हा संशय येताच लेखी अर्ज करून पोच घ्या. नुसतं डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. नर्सिंगचा तक्ता, भुलीची नोंद आणि ऑपरेशनची टिपणंही हवीत. ग्राहक आयोगाकडे जायची मुदत दोन वर्षांची आहे आणि त्यातलं पहिलं वर्ष दुःखातच सरतं. पोलिस ठाण्याकडे धावण्याआधी 2005 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल एखाद्या वकिलाकडून समजून घ्या. फौजदारी गुन्ह्यासाठी हयगय घोर स्वरूपाची असावी लागते.

दुपारच्या सत्रात, तज्ज्ञांनी लेखी मत देण्याचं टाळू नये, असा ठराव येणार आहे. माझा त्याला पाठिंबा आहे, कारण आपल्यातले बरेच जण फाइल चाळून ‘जरा उशीरच झाला’ असं तोंडी म्हणतात आणि सहीची वेळ आली की कामात असतात. मी एक दुरुस्ती सुचवतो. हयगय झालेली नाही, असं ज्या तज्ज्ञाचं मत असेल, त्यानंही ते कारणांसह, मराठीत, कुटुंबाला लिहून द्यावं. दीड दिवसाच्या कोऱ्या पानाबद्दल त्याचं म्हणणं काय, हेही त्यात यावं. दुरुस्तीला अनुमोदक हवा आहे. तो मागच्या रांगांतून मिळाला तर मला अधिक आनंद होईल.