पान राखील तो झाड राखील
(शिक्षक व पंचायत सदस्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कोकणच्या भातशेतीत राब भाजण्याची रीत फार जुनी आहे. ऐन, किंजळ अशा झाडांच्या पालेदार फांद्या, म्हणजेच कवळ, तोडून वाळवावयाचे आणि रोपांच्या जागेवर पसरून जाळावयाचे. त्यामुळे तणांचे बी जळते, राख मिळते, रोप जोमाने उगवते. शेतकऱ्याचा हा हिशेब चुकीचा नाही. मात्र त्यात झाडाच्या बाजूचा खर्च मांडलेला नसतो. तो समजण्यासाठी पानाची रचना जाणून घेतली पाहिजे.

ऐनाचे पान उजेडात धरले, की मधली शीर आणि तिच्यापासून फुटलेले उपशिरांचे जाळे स्पष्ट दिसते. या शिरा पानाला केवळ आधार देत नाहीत. त्यांतील काही नलिकांतून मुळांनी शोषलेले पाणी व क्षार पानात येतात, तर काहींतून पानात तयार झालेली साखर खोडाकडे व मुळांकडे जाते. पानाच्या दोन्ही अंगांस पातळ त्वचा असते व तिच्यावरील मेणचट थर पाणी राखतो. दोन त्वचांच्या मध्ये हरितद्रव्य असलेल्या पेशी असतात. वरच्या बाजूस त्या खांबांप्रमाणे दाटीने उभ्या असतात, तर खालच्या बाजूस हवा खेळावी म्हणून विरळ असतात.

ही हवा पर्णरंध्रांतून आत येते. प्रत्येक रंध्राच्या कडेला दोन रक्षकपेशी असतात. त्या पाण्याने फुगल्या, की रंध्र उघडते आणि पाणी कमी पडले, की मिटते. हवेच्या दहा हजार भागांत कार्बन डायऑक्साइड चार भागांहून किंचितच अधिक असतो. तेवढ्यातून, पाणी व सूर्यप्रकाश यांच्या साहाय्याने, पान साखर तयार करते व प्राणवायू बाहेर टाकते. वनस्पतींचे हिरवे भाग प्रकाशातच प्राणवायू सोडतात, हे डच वैद्य यान इंगेनहाऊस यांनी १७७९ मध्ये दाखवून दिले.

रंध्रांतून पाण्याची वाफही निसटते. शिक्षकांनी उन्हातील पालेदार डहाळीला प्लॅस्टिकची पारदर्शक पिशवी बांधून ठेवावी. थोड्याच वेळात आत जमलेले थेंब मुले स्वतः पाहतील.

कोरड्या दिवसांत ही गळती परवडत नाही, म्हणून ऐन पाने गाळतो. परंतु गाळण्यापूर्वी पानातील नत्राचा बराचसा भाग तो खोडात परत ओढून घेतो. पुढील पालवीचे ते भांडवल होय. पान हिरवे असतानाच कवळ तोडले, तर अन्न तयार करणारे अंगही जाते आणि हे भांडवलही जाते. वर्षानुवर्षे असेच घडले, की झाड खुरटते आणि जमिनीला मिळणारा पालापाचोळा नाहीसा होतो.

यावर उपाय आहेत. गादीवाफ्यावर कुजलेले शेणखत घालून रोपे करता येतात. बांधावर लावलेला गिरिपुष्प छाटणीनंतर लवकर फुटतो व हिरवळीचे खत देतो. जेथे कवळ तोडणे अटळ असेल, तेथे शेंडा राखावा आणि तोडलेल्या झाडाला पुढील काही वर्षे विश्रांती द्यावी. असा पाळीचा नियम ग्रामसभेने ठरविला, तर तो पाळलाही जाईल. कारण राबासाठी लागणारी झाडे टिकावीत, ही गरज सर्वप्रथम शेतकऱ्याचीच आहे.