आलाप पाहायचा कसा?

संगीतावरचा चित्रपट म्हटला की आपल्याला आठवतात गाणी, नाहीतर गायकाचं चरित्र. दिग्दर्शक मणि कौल यांचा 1983 सालचा ‘ध्रुपद’ या दोन्हींत बसत नाही, आणि कदाचित म्हणूनच तो फार थोड्यांनी पाहिलाय. फिल्म्स डिव्हिजनच्या या तासाभराहून थोड्या मोठ्या चित्रपटात रुद्रवीणावादक झिया मोहिउद्दीन डागर आणि त्यांचे गायक बंधू झिया फरिदुद्दीन डागर आहेत. निवेदन मोजकंच. कौल स्वतः ध्रुपद ही गायकी शिकलेले. त्यामुळे आलाप मध्येच कापून माहिती घुसवण्याचा मोह त्यांना होत नाही. ध्रुपदाच्या आलापाला तबला-पखवाजाची साथ नसते. एकेक स्वर सावकाश उलगडतो. कॅमेराही तशाच लयीत किल्ल्या-महालांवरून, शेवटी मुंबईच्या छपरांवरून सरकतो.

कुणी म्हणेल, हे कंटाळवाणं आहे. नुसतं ऐकायचंच तर ध्वनिमुद्रिका काय वाईट? पण वीणेच्या दांडीवरच्या पडद्यावर तार बाजूला ओढली, की एकाच जागी अनेक स्वर निघतात. स्वरांची ही सलग ओढ, म्हणजे मींड, बोटांच्या किती ताकदीवर उभी असते, हे ध्वनिमुद्रिका दाखवत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: नवख्याला यातून ध्रुपदाचा इतिहास फारसा कळत नाही. खरंय. तो पुस्तकात मिळतो. ऐकण्याचा धीर मात्र पुस्तकातून येत नाही. ध्रुपद शिकवायला याच मोहिउद्दीन डागरांनी पनवेलजवळ पळस्प्याला गुरुकुल उभारलं. म्हणजे ही परंपरा आपल्यापासून फार लांब नाही.