घरातील रुग्णसेवा



विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडला होता. तो इतरांच्या उपयोगी पडत नव्हता, म्हणून कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी पाणी ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले आणि दोघांनी त्याला उचलून मंचकावर ठेवले.

माझा धाकटा भाऊ मोटारसायकलच्या अपघातात कमरेखाली लुळा झाला, तेव्हा हा प्रसंग मला पाठ होता. पण रात्री दर दोन तासांनी त्याची कूस बदलत होती ती एकटी त्याची पत्नी. आम्ही पुरुष मंडळी फळे आणत होतो! बधिर अंगाला दाब कळत नाही. तेथील रक्तपुरवठा थांबतो आणि कातडी मरते. एका रात्री थकून तिचा डोळा लागला. भावाच्या माकडहाडाशी जखम झाली, ती भरायला चार महिने गेले. दोष तिला दिला तो आम्हीच.

मग आईने भिंतीवर वहीचा कागद चिकटवून पाळ्या लावल्या. माझी रात्री १२ ते ४. लघवीची पिशवी रिकामी करताना पहिल्या रात्री मला शिसारी आली, हे कबूल करतो. मलमूत्राची किळस न करणे हा शुश्रूषा करणाऱ्याचा गुण महावग्गातच सांगितला आहे. रोग्याने दुखणे लपवू नये, हेही तेथेच आहे. भाऊ नेहमी "ठीक आहे" म्हणे. पाळ्या लागल्यावर तो खरे सांगू लागला. एकीवरच भार पडतो, हे त्याला खुपत होते.

तो कागद अजून भिंतीवर आहे. गेल्या वर्षी बारावीतल्या पुतण्याने त्यावर आपले नाव स्वतः लिहिले.