सात वाजताचा भोंगा
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला, ‘मोबाइलचा अतिवापर आणि मानसिक आरोग्य’. तू सॉफ्टवेअरवाली, तुला यातलं कळतं, असं त्यांचं म्हणणं. मी डॉक्टर नाही. पण यातलं मला कळतं ते दोन्ही बाजूंनी. हे जाळं विणणाऱ्यांत मी होते आणि त्यात अडकलेही.

आधी विणण्याचं सांगते. काही वर्षं मी एका अ‍ॅपच्या नोटिफिकेशनवर काम केलं. एखादा माणूस दोन दिवस फिरकला नाही, तर त्याला कोणता संदेश पाठवायचा, किती वाजता पाठवायचा, ठिपका लाल ठेवायचा की करडा, हे आम्ही ठरवायचो. अर्ध्या लोकांना एक प्रकार दाखवायचा, अर्ध्यांना दुसरा, आणि ज्याने जास्त माणसं परत येतील तो ठेवायचा. लाल ठिपका जिंकला तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. कुणाचं वाईट व्हावं असं आमच्या मनात नव्हतं. त्या माणसाची झोप हा आकडा आमच्या तक्त्यात नव्हताच.

आपल्या लहानपणी प्रत्येक गोष्ट संपायची. चित्रहार संपला की संपला. चांदोबा वाचून झाला की पुढच्या महिन्यापर्यंत वाट बघायची. इंटरनेटवरही सुरुवातीला पान संपायचं आणि खाली ‘पुढे’ असं बटण असायचं. ते दाबायच्या आधी क्षणभर वाटायचं, आता पुरे. २००६ मध्ये अझा रास्किन नावाच्या अभियंत्याने न संपणारं पान तयार केलं. बोट सरकवत राहा, खालून नवीन येतच राहतं. पुढे त्यानेच जाहीरपणे खंत व्यक्त केली. त्यातून पुढचं काय निघेल हे माहीत नसतं. कधी फालतू, कधी एकदम आवडीचं. जुगाराच्या यंत्रापुढे माणूस बसून राहतो तो याच ओढीने.

आता अडकण्याचं. २०२१ मध्ये मी घरून काम करत होते. पहाटे तीनला जाग यायची, हात उशाशी जायचा, आणि मग पाच कधी वाजले कळायचं नाही. दिवसा छातीत धडधड, विनाकारण चिडचिड, कुणाशी बोलायला नको. मला वाटलं हृदयाचं काही आहे. ईसीजी स्वच्छ निघाला. डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. चिठ्ठी पर्समध्ये ठेवून मी महिनाभर गेले नाही. ‘मला? मी काय वेडी आहे?’ हे आज तुमच्यासमोर सांगतेय, कारण इथेही कुणाच्या तरी पर्समध्ये तशी चिठ्ठी असेल.

गेले ते मुलीमुळे. ती तेव्हा आठ वर्षांची. ऑनलाइन शाळेसाठी दिलेल्या फोनवरून ती शेजारच्या खोलीतून मला मेसेज करायला लागली. ‘आई भूक लागली.’ ‘आई पोटात दुखतंय.’ मी म्हटलं, अगं, हाक मार की. ती म्हणाली, ‘हाक मारली की तू नुसतं हं म्हणतेस. यावर लगेच उत्तर देतेस.’

मला चिंतारोगाचं निदान झालं, औषधं झाली, समुपदेशन झालं. सगळं खापर मोबाइलवर फोडणार नाही. कामाचा ताण होता, करोनात माणसं गेली होती. मुलांच्या नैराश्याला स्क्रीन कितपत जबाबदार, यावर संशोधकांतही मतभेद आहेत. पण तुटलेल्या झोपेने मन ढासळतं, याबद्दल फारसा वाद नाही. माझ्या बाबतीत पहिली गेली ती झोपच.

त्यानंतरच्या दिवाळीत मी मावसबहिणीकडे मोहित्यांचे वडगावला गेले होते. आपल्याच जिल्ह्यातलं, कडेगाव तालुक्यातलं. १५ ऑगस्ट २०२२ पासून तिथे रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला होता. टीव्ही, मोबाइल दीड तास बंद. साडेआठला पुन्हा भोंगा. लॉकडाऊनमध्ये अभ्यासासाठी मुलांच्या हातात आलेला फोन शाळा सुरू झाल्यावरही सुटेना, म्हणून गावाने हे ठरवलं. लहानपणी आपण साखर कारखान्याच्या भोंग्यावर घड्याळ लावायचो ना, तसंच वाटलं.

पहिली पंधरा मिनिटं माझा हात तीनदा पर्सकडे गेला. बहिणीच्या सासूबाई हसल्या. म्हणाल्या, ‘आमालाबी आदी जमंना. पर पोरास्नी अभ्यास कर म्हनायचं आन् आपुन शिरेल बघायची, ह्ये कसं चालंल?’ मुलं कट्ट्यावर पुस्तकं घेऊन बसली होती. सगळीच वाचत होती असं नाही, दोघं एकमेकांना चिमटे काढत होते. मला चक्क कंटाळा आला. कितीतरी वर्षांनी आला.

माझ्यातल्या इंजिनिअरला त्यातली एक गोष्ट फार आवडली. एकट्याने फोन बाजूला ठेवला की वाटतं, आपलंच काहीतरी हुकतंय. सगळ्या गावाने ठेवला की हुकण्यासारखं काही उरतच नाही. आमच्यासारखे शेकडो जण तुमचं लक्ष खेचायला पगार घेतात. तिथे एकट्याचा निश्चय किती पुरणार?

पुण्यात आमच्या सोसायटीत भोंगा वाजवला तर लोक पोलिस बोलावतील. म्हणून आम्ही चार्जर बैठकीच्या खोलीत नेला आणि दोनशे रुपयांचं गजराचं घड्याळ आणलं. दोनदा नियम मोडला, दोन्ही वेळा मीच. मुलीने पकडलं.

जाता जाता एक मागणी. आपल्या बॅचच्या ग्रुपवर रात्री बारालाही सुविचार येतात. ‘फक्त अ‍ॅडमिनच लिहू शकेल’ अशी सोय व्हॉट्सअ‍ॅपमध्ये आहे. रात्री दहाला ती चालू करायची, सकाळी सातला बंद. ज्याला रात्री खरंच कुणाशी बोलावंसं वाटेल त्याने सरळ फोन करावा, माझा नंबर सगळ्यांकडे आहे. आपले अ‍ॅडमिन समोरच बसलेत. मान डोलावतायत, पण नजर खाली फोनमध्येच आहे.