पंपाच्या स्क्रूपासून संगणकापर्यंत

(सेवाग्राम येथील विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



जुन्या डिझेल जीपमध्ये जोर कमी पडला की मिस्त्री पंपाचा स्क्रू थोडा पिळायचे. डिझेल जास्त जाई, गाडी उसळी घेई आणि मागे काळा धूर सुटे. आज तो स्क्रू इंजिनाचा कारभार पाहणाऱ्या संगणकात, म्हणजे ईसीयूत गेला आहे. किती डिझेल, कोणत्या क्षणी, किती दाबाने सोडायचे याचे तक्ते त्यात असतात. ते बदलणे म्हणजे रिमॅपिंग.

हे शिकायला आम्ही मंडळाच्या एका सभासदांची स्विफ्ट डिझेल घेतली. आसपासच्या खेड्यांतले रुग्ण ते तिच्यातून कस्तुरबा रुग्णालयात आणतात. मूळ फाइल काढली, तिची प्रत ठेवली, इथवर ठीक. नवी फाइल लिहिताना घाई नडली. चावी चालू, इंजिन बंद, पंखा सुरू आणि बॅटरी जुनी. व्होल्टेज उतरले, लिहिणे अर्ध्यावर थांबले, गाडी सुरूच होईना. चार दिवस ती दारात उभी राहिली. भाडे बुडाले ते बुडालेच, शिवाय डायलिसिसच्या एका बाईंना ऐनवेळी दुसरी गाडी शोधावी लागली. मालक आम्हाला एक शब्दही बोलले नाहीत, ते अधिक लागले. शेवटी नागपूरला ईसीयू काढून नेला, टेबलावर थेट तारा जोडून मूळ प्रत परत लिहिली, तेव्हा इंजिन लागले.

त्यानंतर आम्ही मुकाट्याने तक्ते वाचायला बसलो. कंपनी मुद्दाम जोर दाबून ठेवते, असा आमचा समज होता. फियाटचे हेच १२४८ सीसीचे इंजिन स्विफ्टमध्ये ७५ अश्वशक्ती देई आणि एर्टिगात ९०. पण हा फरक नुसत्या आकड्यांचा नव्हता. एर्टिगाच्या टर्बोची पाती फिरणारी होती. ७५ च्या गाडीत फक्त आकडे वाढवले तर ताण क्लच आणि टर्बोवर येतो. धुराची मर्यादा ठरवणारा एक तक्ता असतो, आत येणाऱ्या हवेच्या मानाने तो डिझेल रोखतो. तो सैल केला तर थंडीत बरी चालणारी गाडी आपल्या वर्ध्याच्या मे महिन्यात धूर ओकते, कारण तापलेली हवा विरळ असते.

कायद्याचेही ध्यानात ठेवा. मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ५२ उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलात फेरफार करण्यावर बंधन घालते. आणि मोठे लोक शहाणे असतात असेही नाही! २०१५ साली फोक्सवॅगनचे बिंग फुटले. चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर स्वच्छ करणारा प्रोग्रॅम जगभरच्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत होता.

स्विफ्टमध्ये आम्ही मूळ फाइलच राहू दिली. दोन निकामी ईसीयू मंडळाच्या खोलीत शिकण्यासाठी ठेवले आहेत. ज्यांना यायचे त्यांनी रविवारी सकाळी यावे. वाचायची तार टेबलावर असते. लिहायची तार आणि बॅटरी चार्जर एकाच पिशवीत बांधून कपाटात ठेवले आहेत.