फेरस, फेरिक आणि भूल



सावद्याला शाळेत आपण फेरस आणि फेरिक घोकलं. भूलतज्ज्ञ झाल्यावर कळलं, की या एका फरकावर माणसाचा जीव अवलंबून असतो. हिमोग्लोबिनमधलं लोह फेरस असेल तरच प्राणवायू वाहून नेतं. डॅप्सोन, प्रिलोकेनसारख्या औषधांनी ते फेरिक झालं, की मेथहिमोग्लोबिन तयार होतं. ओठ निळे पडतात, रक्त चॉकलेटी दिसतं. भरपूर प्राणवायू देऊनही बोटावरचं यंत्र ८५च्या आसपास अडून बसतं. उतारा म्हणजे मिथिलीन ब्लू, किलोमागे १ ते २ मिलिग्रॅम, शिरेतून हळूहळू. पण जी-६-पीडी हे एन्झाइम कमी असेल, तर तोच उतारा रक्तपेशी फोडतो.

डॅप्सोन ही कुष्ठरोगाची गोळी. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली सुचवलेल्या बहुविध उपचारात ती आहे. लाजेपोटी माणसं ती घरच्यांपासूनही लपवतात, मग आम्हाला कुठून सांगणार? म्हणून मी नातेवाइकांना बाहेर थांबवून पेशंटला एकट्याला विचारतो.

तुम्हीही आपल्या माणसांना सांगा : ऑपरेशनला जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाला. एकही घरी ठेवू नका.